पटावरची वजाबाकी

कामतघरच्या आमच्या शाळेत चौथीला एक मुलगी होती. वडील कापडाच्या लूमवर कामाला. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. वजाबाकी मात्र तिला कुठल्याच भाषेत येत नव्हती. गणिताची वही उघडली की ती पेन्सिलीचं टोक चावत बसायची.

म्हणून मी जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर मोठी सापशिडी आखली आणि वर्गात अंथरली. नियम एकच, सापाने गिळलं तर किती घरं खाली आलो ते सांगायचं, मगच सोंगटी हलवायची. सुरुवातीला ती एकेक घर बोटाने मोजायची. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत सगळ्यांच्या आधी सांगू लागली. त्रेसष्टवरून अठ्ठावीसवर, म्हणजे पस्तीस गेले. मला वाटलं, जमलं.

सुट्टीनंतरच्या चाचणीत मी मुद्दाम तेच गणित घातलं. तिने पेपर कोरा दिला.

मी तिला जवळ बसवून विचारलं, "अगं, पटावर तर तुला हे पटकन येतं."

"तिथे मी चालते, बाई," ती म्हणाली. "इथे कुठे चालू?"

मग मी तिच्या वहीत एक लांब रेघ काढली, तिच्यावर घरं पाडली. त्या रेघेवरून तिचं बोट नुकतं कुठे सरकू लागलं होतं. पण चाचणीचे निकाल पाहून मुख्याध्यापकांनी सगळे खेळ बंद करायला सांगितले. मी थोडी मुदत मागितली, ती मिळाली नाही. त्याच आठवड्यापासून ती शाळेत यायची थांबली.

मी तिच्या घरी गेले. चाळीतल्या खोलीत ती आईशेजारी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी आईला सांगितलं, वर्गात हिच्याइतकी भराभर वजाबाकी कुणाला येत नाही. आईने शांतपणे विचारलं, मग पेपरात शून्य कसं?

"तिला डोकं नाही, बाई," आई म्हणाली. "तीच सांगते तसं."

मुलीने मान वर केली नाही. पुढे दोनतीनदा गेले, तेव्हाही नाही. वर्षअखेरीला तिचं नाव पटावरून कमी झालं.

आता नव्या चौथीला मी फळ्यावर उभी वजाबाकी शिकवते. हातचा कसा घ्यायचा ते मुलं बघून उतरवून घेतात. बऱ्याच जणांचं उत्तर बरोबर येतं. ते कसं आलं, हे मी विचारत नाही.