आंबोली सगळ्यात उंच

माझी बायको मला जन्मभर "आंबोली" म्हणून हाक मारायची. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून नव्हे. माझी जिरवायला. मी काही शहाणपण सांगायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आंबोली, जेवक ये." ती गेल्या पावसाळ्यात गेली. घरात आता आंबोली म्हणणारे कोणी नाही, म्हणून ही गोष्ट मीच लिहून ठेवतो. शुद्धलेखनाचे तुम्ही बघा.

मी दुसरीत शाळा सोडली. आम्ही रापणीवाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचे लांबच लांब जाळे. त्याला हात लागतात, अक्षर लागत नाही. ती मात्र चौथी पास. तिचा बाप आगबोटीवर खलाशी होता, आयुष्यभर दर्यात फिरून परत आलेला. कुठे दोन माणसे बसलेली दिसली की हा तिसरा बसायचा आणि परदेशच्या बंदरांच्या गोष्टी सुरू. त्याला वाटे, जगात जेवढे कळण्यासारखे आहे तेवढे आपल्याला कळले, उरलेले जावयाला कळलेले असावे.

माझ्या आईने त्याच्या चेडवाला, म्हणजे मुलीला, मागणी घातली तेव्हा तो मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुका काय येता रे?"

"रापण ओढूक येता."

"ता बैलाकय येता. माझा चेडू शिकलला आसा. देवळात गुरुजींची स्पर्धा आसा, थंय एक तरी उत्तर दी. मगे बघू. नाय जमला तर माझ्या दारात येव नको."

आमच्या गावात त्या वर्षी घाटावरून नवे गुरुजी आले होते. गोव्यातून पोर्तुगीज नुकतेच गेले होते, कुठल्याशा देशाचा माणूस आभाळाला फेरी मारून आला होता. गुरुजींना वाटले, जग इतके पुढे चालले आहे आणि हे लोक अजून बांगड्यातच. म्हणून त्यांनी मोठ्या माणसांसाठी सामान्य ज्ञानाची स्पर्धा काढली. बक्षीस एक नारळ. आमच्याकडे नारळ कोणाला कमी होते? पण बक्षिसाचा नारळ वेगळा लागतो म्हणे.

मला शिकवायचे कोणी? तीच शिकवायला लागली. उघड बोलायची सोय नव्हती. रापण वाळूवर आली की बायका पाट्या घेऊन मासळी घ्यायला जमत, त्यात ती आईबरोबर यायची. मासे उलटेपालटे करत ती मला विचारायची,

"बांगडे ताजे आसत? सूर्य काय आसा?"

"तारो."

"आणि चंद्र?"

"ताजो."

"मेल्या, काल काय सांगलंय? सगळ्यात उंच डोंगर?"

"हिमालय."

"आणि देवमासो?"

"मासो."

"मासो न्हय!"

मागून तिची आई ओरडली, "बांगड्यांचो भाव विचार गो! चंद्राचो कित्याक विचारतंस?"

असे शिक्षण चालले. हिमालय मात्र मी पक्का केला. दोर ओढताना एका झटक्याला 'हिमा', दुसऱ्याला 'लय'. रापणीतले सगळे माझ्याबरोबर हिमालय-हिमालय करत ओढायला लागले, का ते कोणाला ठाऊक नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. देवळात काही करायचे म्हणजे आधी गाऱ्हाणे घालावे लागते. गावातला मानकरी, त्याला आम्ही गावकर म्हणतो, देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागतो. प्रत्येक मागणे "म्हाराजा" म्हणून संपवतो आणि जमलेले सगळे एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे मूल बोलायला लागले की आईच्या आधी हे शिकते. आणि देवासमोर गावाने व्हय म्हटले की ते झाले. ते परत फिरत नाही.

गावकराने सुरू केले, "बा देवा म्हाराजा, ही लेकरा आज तुझ्या पायाकडे इली हत, तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरुजींच्या प्रश्नांका उत्तरा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुजी खुशीत आले. पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या भजनीबुवाला. "आपल्या समोरचा समुद्रातला किल्ला कोणी बांधला?"

बुवा हात जोडूनच उभे. घाबरले होते. म्हणाले, "माझ्या आज्याच्या पणज्यान, म्हाराजा."

आणि अख्खे देऊळ, सवयीने, "व्हय म्हाराजा!"

गुरुजी म्हणाले, "अहो नाही, किल्ला शिवरायांनी बांधला!"

बुवांना धीर आला. "तेंनी हुकूम दिल्यानी. दगड कोणी व्हायले?"

"पण उत्तर चूक आहे!"

गावकर पुढे झाला. त्याने गुरुजींना फार सभ्यपणे, कचेरीतल्या मराठीत सांगितले, "गुरुजी, देवासमोर गावाने व्हय म्हटलेले आहे. आता तुम्ही आणि आम्ही काय करणार?"

झाले. लोकांना युक्ती कळली. उत्तर काहीही असो, शेवटी म्हाराजा लावायचे. पृथ्वी कशाभोवती फिरते? "फिरणा नाय, म्हाराजा, फिरली असती तर आमच्या होड्या उपड्या पडल्या असत्या." व्हय म्हाराजा! गुरुजींनी कपाळावर हात मारला. देवमासा मासा का नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले, की तो पिल्लाला दूध पाजतो. तर मागून एक मासळीवाली उठली. "दूध? आणि काढल्यान कोणी?" देऊळ हसून हसून खांबांना टेकले. बायकांच्या घोळक्यात माझी मास्तरीण तोंडात पदर कोंबून हसत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि त्याच वेळी गुरुजींनी माझ्याकडे बोट केले.

"जगातला सर्वांत उंच डोंगर कोणता?"

बघा हो देवाची कृपा! मी उभा राहिलो. तिचा बाप समोरच हाताची घडी घालून बसलेला. ती हसायची थांबली होती, ओठांनी मला 'हि' दाखवत होती. आणि माझ्या डोक्यातून हिमालय गेला. दोर नव्हता ना हातात! झटका कशाला देणार? मी हवेतच दोन झटके मारून बघितले. काही नाही. डोळ्यांसमोर आयुष्यात पाहिलेला एकच डोंगर आला, बेळगावच्या गाडीतून जाताना ज्याच्या वळणांवर मी चार गावांचे जेवण ओकलो होतो.

"आंबोली," मी म्हणालो. मग हात जोडले. "आंबोली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा आवाज झाला की वरची कबुतरे उडाली. तो घाट चढलेल्या प्रत्येकाने पोटातून व्हय म्हटले होते.

तिचा बाप ताडकन उठला. "चूक! हिमालय! मी जग बघितलंय!"

"दर्यातून हिमालय दिसलो तुका?" कोणीतरी विचारले.

तो लाल झाला. गर्रकन देवाकडे वळला, माझ्याकडे हात करून ओरडला, "हेका आंबोलीच्या फुडे काय म्हायत नाय! असल्या अडाण्याक माझा चेडू दिऊचा काय रे म्हाराजा?"

तोही आमच्याच गावचा. देवाकडे तोंड केले की म्हाराजा येणारच.

"व्हय म्हाराजा!"

त्याचे तोंड उघडेच. गावकराने बक्षिसाचा नारळ उचलला आणि त्याच्या हातात दिला. "घे. आता सुपारी फोड." गुरुजी टेबलाला धरून हसत होते. त्यांनीही व्हय म्हटले होते, मी ऐकले.

लग्नानंतर मी तिला आंबोलीला नेले. वळणावळणाला ती खिडकीतून ओकत होती आणि मला शिव्या देत होती. वर धुके, टपरीवर चहा. दोन्ही हातांत कप धरून, पिवळ्या तोंडाने तिने खाली बघितले आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा. हेच्यापरास उंच असूचोच नाय."

सुतक फिटल्यावर मी देवळात नारळ ठेवला. आता जुन्या गावकराचा मुलगा गावकर आहे. त्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा, ह्या माउलीक आता तुझ्या पायाकडेच ठेव रे म्हाराजा!"

सगळे व्हय म्हणाले. लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हटले नाही. देवासमोर एकदा व्हय म्हटले की ते परत फिरत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे?