रिकामा परत आलेला डबा

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर अमेरिकेचा विषय निघाला की मी बर्फाच्या गोष्टी सांगतो. गाडी कशी गाडली गेली, कोथिंबीर काय भावाने घेतली, असलं काहीतरी. समोरच्या दारात राहणाऱ्या सॅक्सोफोनवादकाबद्दल मी कधीही बोललो नाही. बायको होती तोवर तिच्यासमोर बोलणं शक्य नव्हतं. ती गेल्यावरही मी टाळत राहिलो. आता टाळायला कारण उरलेलं नाही.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या जकात नाक्यावर झाली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, कागदावर कांदे लिहिलेत तर खाली काय आहे ते बघायचं. बहुतेक वेळा खाली कांदेच असत. पण एखाद्या वेळी नसत, आणि माणसाच्या लक्षात तेवढंच राहतं. हा स्वभाव बरोबर घेऊन मी २००३ साली बायकोसह मुलाकडे, न्यू जर्सीतल्या आयसेलिनला राहायला गेलो.

मुलगा आणि सून दिवसभर कामावर. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि समोर त्या सॅक्सोफोनवादकांचं. ते सत्तरीचे, उंच, एकटे राहणारे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. दुपारी एक काळी पेटी घेऊन बाहेर पडत.

"त्या पेटीत काय असतं?" मी मुलाला विचारलं.

"सॅक्सोफोन, बाबा."

"तू उघडून बघितलीस?"

"बाबा, प्लीज. इथे लोक आधीच आपल्याकडे संशयाने बघतात. तुम्ही आणखी सुरू नका करू."

त्याचं खरं होतं. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यापासून त्याने दाढी ठेवणं सोडलं होतं. पण मला वाटायचं, आपल्याकडे उगीच बघतात, म्हणून खऱ्या संशयिताकडे बघूच नये असं थोडंच आहे?

माझी बायको पोळ्या करताना भोंडल्याची गाणी म्हणायची. नवरात्र असो नसो, कणीक मळायला घेतली की गाणं सुरू. गाण्याचं शिक्षण काही नव्हतं. लग्नाआधी वाड्यातल्या मुली तिच्याशिवाय फेर धरत नसत, एवढंच तिचं गाणं. एके दिवशी दारावर टकटक झाली. समोरचे गृहस्थ उभे होते. म्हणाले, जिन्यात एक सूर ऐकू येतो, तो पुन्हा पुन्हा फिरून तिथेच येतो. त्यांच्या गावातल्या मुली असंच गोल फिरत गात. कोण गातंय?

बायको पदराला हात पुसत पुढे आली. मी म्हणालो, "टीव्ही आहे." ती हसली आणि तिने मला खोटं पाडलं.

त्या दिवशी तिने त्यांना डब्यातून साबुदाण्याची खिचडी दिली. डबा परत आला तो भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरून. बायको खूश झाली. "बघा, रीत आहे त्या माणसाला. रिकामा डबा परत देऊ नये हे त्यांना कोणी शिकवलं असेल?"

"डर्बनला आपली माणसं पुष्कळ आहेत," मी म्हणालो. "तिथूनच काहीतरी उचललं असेल." उचललं हा शब्द मी मुद्दाम वापरला.

मग तिने त्यांना भोंडल्यातला खिरापतीचा खेळ शिकवला. बंद डबा हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. हा खेळ जिन्यातच चाले. ते डबा कानाशी धरत, डोळे मिटत, एखाद्या वाद्याची परीक्षा करावी तसे हलवत.

"ड्राय आहे. लाडू?"

"चूक," बायको म्हणे.

"लाडूच आहे, काकू. तुम्ही चीटिंग करता."

मुलाचे मित्र तिला काकू म्हणत, म्हणून तेही म्हणत. वयाने तिच्यापेक्षा मोठे असून. मला खर्जात "काका" म्हणत. थट्टा आहे की मान, हे मला कधी कळलं नाही. मी थट्टाच धरून चाललो.

त्यांचं आयुष्य मला बायकोकडून कळत गेलं. लहानपणी रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची बासरी वाजवायचे. मग चर्चचा बँड. पहिला सॅक्सोफोन हप्त्यांवर. तरुणपणी एका नाटकमंडळीबरोबर लंडनला गेले आणि तिथे एका वर्तमानपत्रात आपल्या देशातल्या पोलिसांबद्दल खरं बोलून बसले. परत यायचा पासपोर्ट सरकारने दिला नाही. आई वारली तेव्हा ते डेन्मार्कमध्ये कुठल्याशा क्लबात वाजवत होते. पुढे न्यूयॉर्क. मोठ्या वादकांच्या मागे उभं राहून वाजवणं, लग्नं, सकाळी शाळेची बस चालवणं. तिथलं गोऱ्यांचं राज्य गेल्यावर ते मायदेशी जाऊन आले. गल्लीत ओळखणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून परत इकडे. आता एका शाळेत वाद्य शिकवत.

मी प्रत्येक गोष्टीची ताडपत्री उचलून बघत असे. एवढा वादक होता तर दोन खोल्यांत का राहतो? एकदा मी सरळ पुरावा मागितला. त्यांनी एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर आणून दाखवलं. पाच तरुण, शेवटचा अर्धा अंधारात.

"हा कोणीही असू शकतो," मी म्हणालो.

"काका, तेव्हाही मला लोक हेच सांगायचे," ते म्हणाले आणि खूप हसले. मी हसलो नाही.

२००५ च्या सुमाराला त्यांनी खालचे दात काढून घेतले. त्याने ओठांची पकड बदलली. आणखी एक रेकॉर्ड जमेल, त्यानंतर नाही, असं ते म्हणत. जुने दोन-तीन साथीदार गोळा केले होते. आणि त्या रेकॉर्डमध्ये एका तुकड्यात त्यांना बायकोचं गाणं हवं होतं. जिन्यात उभं राहून त्यांनी तिला विचारलं. मी दाराआडून ऐकत होतो.

"माझ्या आवाजाला काय जाळायचंय," ती तिच्या मोडक्या इंग्रजीत असंच काहीतरी म्हणाली. पण दार लावून आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"विचारते म्हटलंय तुम्हाला," ती म्हणाली. "चारच ओळी आहेत. जाऊ?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"आपली गाणी घेऊन हा माणूस काय करणार, ते बघायला नको?"

"काय करणार? वाजवणार." ती पोळपाट घेऊन बसली. "गाणी आपली म्हणजे काय तुम्ही रचलीत?"

खरं सांगायचं तर गाण्यांचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही गा म्हटलं नव्हतं, आणि एक परका माणूस भिंतीपलीकडून ऐकून तिला शोधत आला होता. त्यात काहीतरी लपलेलं असलंच पाहिजे, असं मला वाटत होतं. कुणी माझ्या बायकोचं गाणं नुसतं गाण्यासाठी ऐकेल, हे मला पटेना.

त्याच आठवड्यात ती सुनेबरोबर ओक ट्री रोडवर साड्या बघायला गेली असताना ते डबा परत द्यायला आले. "काकूंना द्या. आधी हलवायला सांगा," म्हणाले.

दार लावून मीच हलवला. काहीतरी सरकलं. मी उघडला. आत कागदी रुमालात गुंडाळलेली एक सीडी होती. तिच्यावर काळ्या शाईने लिहिलं होतं, शनिवारी सकाळी, मी खाली गाडीपाशी थांबतो. पटलं नाही तर येऊ नका, मी समजेन.

मुलाच्या यंत्रावर मी ती लावली. भोंडल्याचंच गाणं होतं. सॅक्सोफोन एक ओळ वाजवी आणि थांबे. मग नुसती ढोलकीसारखी थाप चाले, आणि पुन्हा सॅक्सोफोन पुढची ओळ घेई. मधल्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या, तिच्यासाठी. त्यात लपवलेलं काहीही नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही मी सीडी माझ्या बॅगेत स्वेटरांखाली ठेवली, डबा धुतला, पुसला आणि ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी बायकोने झाकण उघडलं. "रिकामा?"

"हो."

"काही म्हणाले?"

"काही नाही. दिला आणि गेले."

तिने डबा उलटा करून बघितला. "असं कधी केलं नाही त्यांनी," म्हणाली. मग स्वतःशीच, "माझं गाणं परत पाठवलं म्हणायचं."

शनिवारी सकाळी ते खाली गाडीला टेकून उभे होते. अंगात कोट होता. दोनदा त्यांनी आमच्या खिडकीकडे वर बघितलं. मी पडद्यामागे होतो, बायको आत डाळ निवडत होती. तिला मी हाक मारली असती तर ती चपला घालायलाही थांबली नसती. शेवटी ते गेले.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनेही नाही. जिन्यात भेटले की दोघं हवेबद्दल बोलत. ती डबा पाठवीनाशी झाली आणि कणीक मळताना टीव्ही लावायला लागली. रेकॉर्ड निघाली असं मुलाने नंतर सांगितलं. त्यात तो तुकडा नव्हता. मला मात्र समाधान वाटेना. ते तिच्याकडे कसे बघतात, ती मला काही विचारणार आहे का, मुलगा माझी बॅग उघडेल का, असा आता माझा पहारा सुरू झाला. पूर्वी मी एका माणसावर नजर ठेवून होतो. आता घरातल्या सगळ्यांवर.

२००८ मध्ये ते आजारी पडले आणि गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात गेले. बायको तेव्हा आमच्या मुलीकडे, दुसऱ्या राज्यातल्या कॅरी गावी होती. मी एकटा बसने गेलो. वाटेत इंग्रजी वाक्य पाठ केलं. सीडी मी ठेवून घेतली, तिला ती मिळालीच नाही, ती आली असती, मला क्षमा करा.

ते उशीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, निदान तसा दिसला.

"काका, बरं झालं तुम्ही आलात," ते हळू म्हणाले. "एक सांगायचं होतं. तेव्हा मी काकूंना उगीच संकोचात टाकलं. घरंदाज बाईला असं विचारायला नको होतं. तुम्हालाही वाईट वाटलं असेल. माझ्या वतीने त्यांची क्षमा मागाल?"

ते माझ्याकडे एकटक बघत होते. माझ्या मनात आलं, याला सगळं माहीत आहे. हा मुद्दाम असं बोलतोय, मी कबूल करतो का ते बघतोय. मी त्यांचा चेहरा नाक्यावरच्या ड्रायव्हरचा निरखावा तसा निरखला. तिथे काही नव्हतं, ते फक्त उत्तराची वाट बघत होते.

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "सांगतो तिला."