कॅमेरा हलतोय

माझ्या थोरल्या बहिणीनं आयुष्यातली अठरा वर्षं लोकांच्या पोटात डोकावण्यात घालवली. लोकांच्या म्हणजे बायकांच्याच. पुरुषांच्या पोटात काय असतं याबद्दल तिला कधी उत्सुकता वाटली नाही. "तुमच्या पोटात काय आहे ते तुम्ही जेवायला बसलात की कळतंच," असं ती भावोजींना म्हणायची, आणि भावोजी निमूटपणे ताट पुढे करायचे.

ताई बायकांच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. नोकरीला लागली तेव्हा गर्भपिशवी काढायची म्हटलं की पोट चांगलं वीतभर उघडत. मग त्या उघड्या पोटाच्या कडा लोखंडी आकड्यांनी ओढून धरायला एक माणूस लागे. ते माणूस म्हणजे ताई. "पेशंट आठ दिवस कण्हायची आणि मी चार दिवस," ती सांगायची.

पुढे दुर्बीण आली. बेंबीपाशी नखाएवढी चीर द्यायची, पोटात गॅस भरून ते फुगवायचं, चिरेतून नळीसारखी दुर्बीण आत घालायची आणि तिच्या बाहेरच्या टोकाला कॅमेरा लावायचा. आतलं सगळं समोरच्या टीव्हीवर दिसतं. बाजूच्या दोन-तीन भोकांतून लांब दांड्यांचे चिमटे आणि कात्र्या घालून डॉक्टर काम करतात. बाई दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी.

पण यात एक गोम आहे. डॉक्टरांचे दोन्ही हात चिमट्यांत गुंतलेले, त्यामुळे कॅमेरा दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो. डॉक्टरांना जिकडे बघायचंय तिकडे तो त्यांच्या आधी पोचला पाहिजे आणि पोचल्यावर दगडासारखा थांबला पाहिजे. ऑपरेशन करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला शिकाऊ डॉक्टरांना धरायला लावलं. एकाला उभ्याउभ्या डुलकी लागायची. दुसऱ्याला आत काही नवीन दिसलं की तो डॉक्टरीणबाईंना सोडून तिकडेच फिरायला निघायचा. तिसरा शिंकला. शेवटी एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच धरा बरं."

ताईनं धरला आणि पुढे अठरा वर्षं दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी नुसतं "हं" म्हटलं की ताई जवळ जायची, "हंहं" म्हटलं की मागे यायची. त्या दोघींचा सगळा संसार या दोन शब्दांवर चालला होता. पुष्कळ नवरा-बायकोंचा याहून कमी शब्दांत चालतो म्हणा.

घरी मात्र या कौशल्याचा आम्हाला ताप. लग्नाची चित्रफीत लावली की ताई पाच मिनिटांत उठायची. "काय हा माणूस! एका जागी दोन क्षण थांबेल तर शपथ." तिनं काढलेले आमचे फोटो अगदी सरळ आणि स्वच्छ असत, फक्त माणूस पुरा कधी येत नसे. माझ्या एका वाढदिवसाचा फोटो आहे. त्यात माझ्या हनुवटीवरचा तीळ फार सुंदर आलाय.

आणखी एक गंमत होती, पण त्यावर हसावं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. ज्या बायकांच्या पोटात ताई तासतासभर नांदली, त्यांतली एकही तिला ओळखत नव्हती. त्या झोपेत असताना ती यायची आणि त्या जाग्या व्हायच्या आत निघून जायची. डॉक्टरीणबाईंना पेढ्याचा डबा, फुलं, मुलाच्या बारशाचं बोलावणं. ताईला काही नाही. "मला तरी कुठे त्यांचे चेहरे माहितीयत?" ती म्हणायची. "रस्त्यात भेटल्या तर बेंबी दाखवा म्हणू का?"

एका सकाळी टीव्हीवरचं चित्र थरथरलं. किंचितच, पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तितकंच.

"कॅमेरा हलतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या ऑपरेशनलाही हलला. थिएटरात सगळे टीव्हीकडे बघतात. ताईच्या हाताकडे बघावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण तो हात अठरा वर्षांत हललाच नव्हता. तेव्हा बिघाड यंत्रातच असणार असं ठरलं. आधी वायर बदलली. मग कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्यानं घडी घातलेल्या दोन टॉवेलांवर कॅमेरा टेकवला आणि समोर खडू ठेवला. टीव्हीवर खडू पुतळ्यासारखा स्थिर.

"कॅमेरा तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे," मेकॅनिक म्हणाला. "ताई, जरा तुम्ही धरा बघू."

"मला कामं आहेत," ताई म्हणाली आणि बाहेर गेली.

मेकॅनिकनं बंद झालेल्या दाराकडे बराच वेळ बघितलं. मग कागदावर लिहिलं, 'जोड सैल', आणि धडधाकट कॅमेरा पिशवीत घालून कंपनीत घेऊन गेला. भला माणूस. त्याच्या भलेपणामुळे कपाटातला जुना, अंधूक कॅमेरा बाहेर निघाला.

ताईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उजव्या हातात कपबशी धरली की ती वाजायची. ती युक्त्या करू लागली. कोपर कमरेला टेकवायची, मोक्याच्या वेळी श्वास रोखायची, डाव्या हातानं मनगट आवळायची. नंतर मी तिला विचारलं, "अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर गाऊन मोजायला कपड्यांच्या खोलीत बसवलं असतं," ती म्हणाली. "तिथे खिडकीसुद्धा नाही रे. आणि मला दुसरं काय येतं?"

सहा महिने असे गेले. मग एक शिक्षिका आली.

वय बत्तीस. एक अंडाशय आधीच काढलेलं. उरलेल्या एकात गाठ, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव ऐकून तोंडाला पाणी सुटावं, पण आत असतं जुनं साकळलेलं काळं रक्त. गाठीचं साल अंडाशयापासून अलगद सोलायचं आणि अंडाशय ठेवायचं, एवढं काम. शिक्षिकेला मूल हवं होतं, आणि त्यासाठी शिल्लक होतं ते एवढंच. टेबलावर आडवी झाल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोट उघडणार नाही ना?"

"तीन बटणांएवढ्या खुणा राहतील, बस्स," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई तोंडाला फडकं बांधून शेजारीच उभी होती. तिनं हे ऐकलं. हात पाठीमागे दुमडलेला होता.

अर्धं साल सुटेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग मुळापाशी एक शीर फुटली. अंधूक पडद्यावर लाल तळं पसरलं आणि ते तळं थरथरू लागलं. रक्त कुठून येतंय तो ठिपका सापडला तर नेमका तेवढाच भाग जाळून बंद करता येतो. ठिपका सापडला नाही आणि अंदाजानं जाळत सुटलं, तर उरलेलं चांगलं अंडाशयही त्यात जातं. डॉक्टरीणबाईंचा चिमटा पुढे जायचा, ठिपका हलायचा, चिमटा मागे यायचा.

"हं," त्या म्हणाल्या. ताई जवळ गेली. थरथर दुप्पट झाली.

"हा कॅमेरा! दुरुस्त होऊन येणार होता ना तो? कुठाय?"

ताईनं श्वास रोखला. मनगट आवळलं. चित्र हलतच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी दात आवळून जाळायच्या यंत्राच्या पायदांडीवर पाय ठेवला.

"थांबा," ताई म्हणाली. "कॅमेरा हलत नाहीये. मी हलतेय."

अठरा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंनी भर ऑपरेशनात टीव्हीवरची नजर काढली आणि शेजारच्या हाताकडे बघितलं.

"कुणीतरी घ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

घेणार कोण? शिकाऊ डॉक्टर मुलगी पुढे आली. तिनं कॅमेरा या आधी फक्त पुसून ठेवला होता. तिच्या हातात चित्र आडवं झालं, मग उलटं झालं. "डावीकडे! अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" ती बिचारी रडायच्या बेतात. तळं वाढत होतं. डॉक्टरीणबाईंनी चिमटे बाहेर काढले आणि त्या म्हणाल्या, "पोट उघडू या."

उघडलेल्या पोटाच्या कडा धरायला माणूस लागलं. ताईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या मुलीनं धरल्या. अंडाशयाचा शेंगदाण्याएवढा तुकडा वाचला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या.

"किती दिवस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सहा महिने."

"सहा महिने! आणि मी कंपनीवाल्यांना शिव्या घालत बसले! तुम्ही एवढ्या वर्षांत कुणाला शिकवून ठेवलं नाहीत, सिस्टर."

"तुम्ही कुणाच्या हातात दिलात कधी?"

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर ओढला आणि लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे पोट उघडावे लागले.' ताईनं ते उलट्या बाजूनं वाचलं.

"तांत्रिक अडचण म्हणजे मी?"

"जाऊ द्या हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आता काय तुमचं नाव लिहू?"

ताई घरी आली. भावोजींना सगळं सांगितलं. मीही तिथेच होतो. भावोजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "तू चहा अर्धाच कप ओतायला लागलीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला आवडलं नसतं."

"वा!" ताई म्हणाली. "एक तो मेकॅनिक आणि एक तुम्ही. भल्या माणसांनी अगदी वेढलंय मला." नेहमीसारखं ती हे हसण्यासाठीच बोलली, पण कुणी हसलं नाही. ती स्वतःही नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून चिठ्ठी दिली. कपड्यांच्या खोलीची चिठ्ठी त्याआधीच आली होती. दोन दिवस ताईनं गाऊन मोजले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि वॉर्डात गेली. "त्या शिक्षिकेला कुणीतरी खरं सांगायला नको का?" हा तिचा प्रश्न. मी त्यावर 'हो' म्हणालो होतो. ते बरं केलं की नाही, मला ठाऊक नाही.

शिक्षिका उताणी पडून छताकडे बघत होती. पोटावर लांब पट्टी. ताई पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कोण?" शिक्षिकेनं विचारलं.

अठरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ताईनं सांगितलं. कॅमेरा कुणी धरला होता, हात कधीपासून हलत होता, केसपेपरवर काय लिहिलंय आणि ते म्हणजे कोण, सगळं सांगितलं. वर्गात मुलाचं सगळं ऐकून घेणाऱ्या बाईसारखी शिक्षिका ऐकत राहिली.

"जे उरलंय ते चालेल का?" शेवटी तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"डॉक्टर म्हणाल्या, चालेल."

"त्यांना आशा आहे."

"आणि तुम्हाला?"

ताईला खोटं बोलणं जमलं असतं. सहा महिने जमलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, बाळ."

शिक्षिका म्हणाली, "तुम्ही सांगून मोकळ्या झालात. आता मी काय करू?"

शिक्षिकेनं कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायचा प्रयत्न केला. पण पोटभर टाके होते, अर्ध्यावरच ती अडकली आणि कळवळली. ताईनं सवयीनं हात पुढे केला, तिच्या पाठीखाली आधार द्यायला. शिक्षिकेनं त्या हाताकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणालातरी पाठवा."

ताई वॉर्डच्या सिस्टरला बोलवायला गेली.