बाईंची गाडी आणि सासऱ्यांचं नाक

माझ्या सासऱ्यांना अख्ख्या भागात हुंगेमास्तर म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. गाडी गॅरेजच्या दारात थांबली की ते बोनेटकडे न जाता थेट मागे जातात, सायलेन्सरपाशी उकिडवे बसतात, दोनदा हुंगतात आणि सांगतात, "पेट्रोल जास्त जातंय," किंवा "हवा जास्त खातेय." मग कार्बोरेटर उघडायचा आणि आतला जेट बदलायचा. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळेचा बारीक स्क्रू, त्या भोकातून मावेल तेवढंच पेट्रोल इंजिनात जातं. जेट बदलला की पुन्हा मागे येऊन हुंगायचं. चाळीस वर्षं हेच. मी पहिल्यांदा त्यांच्या मुलीचा हात मागायला गेलो, तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ येऊन बसले. आता मलाही हुंगतात की काय, अशी धास्तीच वाटली होती मला.

मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतो. लोक शपथेवर सांगतात की नळ महिनाभर उघडलाच नाही, आणि मी काट्याकडे बोट दाखवतो. मीटर म्हणेल ते खरं, यावर माझं पोट चालतं. हे सांगायचं कारण म्हणजे पुढच्या घोटाळ्यात थोडा वाटा माझाही आहे.

गाडी होती भूगोलाच्या बाईंची. बाई शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, गाडी त्यांच्याहून थोडीच लहान. फिकट निळी, चार दारांची, गोल दिव्यांची. सखी बहीण डोंगरावरच्या गावी राहायला गेली होती आणि बाईंना दर महिन्याला तिच्याकडे जायचं होतं, तेही स्वतः गाडी चालवत. पण अर्धा घाट चढला की गाडी धापा टाकायची, काळा धूर सोडायची आणि जंगल नाक्याच्या पुढच्या वळणावर हटकून बंद पडायची.

"वर हवा विरळ असते बाई," बाबा म्हणाले. सासऱ्यांना मी बाबाच म्हणतो. "हवा कमी, पण जेट पेट्रोल देतो तेवढंच. मग गाडी गुदमरते. वरचा जेट वेगळा लागतो, खालचा वेगळा."

"हवा विरळ का होते हे मी तीस वर्षं शिकवलंय, मास्तर. उपाय सांगा. दर वेळी अर्ध्या घाटात जेट बदलायला तुम्हाला डिकीत घालून नेऊ का?"

उपाय बाईंनी सोबतच आणला होता. मागच्या सीटवर एक मोठं खोकं होतं. कार्बोरेटर काढून टाकायचा, त्या जागी इंजेक्शनचा संच बसवायचा. त्यातला कॉम्प्युटर हवा मोजतो, इंजिनाची उष्णता मोजतो, सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या सेन्सरकडून जळालेल्या धुराची बातमी घेतो, आणि पेट्रोल किती सोडायचं ते क्षणाक्षणाला ठरवतो. डोंगर असो की सपाटी, त्याचं तो बघून घेतो.

बाबा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. असल्या खोक्यांना ते 'डबा' म्हणायचे आणि डब्याच्या गाड्या पुढच्या चौकातल्या गॅरेजकडे पाठवायचे. पण त्यांनी खोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "ठेवून जा. तीन आठवडे द्या."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आईंची लाँड्री गॅरेजला लागूनच आहे, मधे फक्त पत्र्याची भिंत, त्यामुळे इकडचा शब्द न शब्द तिकडे ऐकू जातो. "ह्यांना बरं नाही का?" त्या पुटपुटल्या.

कामाला मात्र बाबा जीव लावून भिडले. टाकी उतरवून आतून धुतली, तिला जास्तीचं पेट्रोल परत आणणारी दुसरी नळी जोडली. इंजिनावरचा जुना पंप काढून त्या भोकावर पत्र्याची चकती बसवली आणि टाकीजवळ विजेवर चालणारा नवा पंप लावला. जुन्या रबरी नळ्या एवढा दाब सोसणार नाहीत म्हणून सगळ्या बदलल्या. सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून सेन्सर पिळून बसवायला आट्यांची बुच्ची, म्हणजे छोटं लोखंडी कडं, वेल्ड केली. रविवारी मी शेजारी बसून पुस्तिका वाचून दाखवायचो. वायरींचे रंग सांगताना मी हिरव्याला निळा म्हणालो, तर एक अख्खा दिवस इंजिन बंद असतानाही पंखा फिरत राहिला. "जावईबापू," बाबा शांतपणे म्हणाले, "उद्यापासून तुम्ही फक्त चहा आणा."

अठराव्या दिवशी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, गल्ली दोनदा फिरून आली. आईंनी हातातली इस्त्री उभी ठेवून टाळ्या वाजवल्या. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि तिसऱ्या दिवशी गोंधळाला सुरुवात झाली.

गाडी गरम झाली की काळा धूर. जागेवर स्लो सोडली की इंजिन हेलकावे खायचं. बाबा मागे उकिडवे बसले, हुंगले, आणि उठून डॅशबोर्डला चिकटवलेल्या छोट्या स्क्रीनकडे गेले. स्क्रीन म्हणत होता, पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, तो आकडा चौदाच्या आसपास हवा, तो साडेसोळा दाखवत होता. आणि कमी पडतंय म्हणून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओतत होता. बाबा पुन्हा मागे गेले, पुन्हा हुंगले. मागे, पुढे, मागे, पुढे. त्या दुपारी त्यांनी गाडीला किती फेऱ्या घातल्या, देव जाणे.

"काय वाटतं बाबा?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? तो काय म्हणतोय?"

"कमी पडतंय म्हणतोय."

"मग कमी पडत असेल."

चाळीस वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता. आणि मी, मीटरवाला, वर शहाणपणा शिकवला, "बाबा, यंत्र खोटं कशाला बोलेल? त्याला काय पडलंय?"

संच विकणाऱ्या कंपनीत फोनवर मदत करणारी एक मुलगी होती. फार गोड बोलायची. "काका, सेन्सर खराब असू शकतो, दुसरा पाठवते. सेन्सरच्या आधी पाइपातून हवा तर गळत नाही ना? वेल्डिंग वगैरे?"

"वेल्डिंग मी स्वतः केलंय," बाबा म्हणाले.

"मग प्रश्नच नाही, काका."

चार दिवसांनी दुसरा सेन्सर आला. तोही साडेसोळाच म्हणाला. आता एक खोटा असेल म्हणावं, तर दुसराही तेच सांगतोय! धूर काळा, स्क्रीन म्हणतो पेट्रोल कमी. बाबांच्या नाकी नऊ आले. ते जेवताना मधेच हात थांबवून भिंतीकडे बघत बसायचे. एकदा आईंना म्हणाले, "अगं, जरा बाहेर ये, धुराला कसला वास येतोय सांग."

आई आल्या, वाकल्या, खोकल्या. "तुमच्या सदऱ्याला येतो तसाच. गेली चाळीस वर्षं धुतेय, मला वेगळा काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅरेजात गेल्या, तर बाबा बाकावर डोळे मिटून बसलेले. समोर ओळीने चार वाट्या. एकीत पेट्रोल, दुसरीत चहाची पूड, तिसरीत साबणाचा चुरा, चौथीत नुसतं पाणी. हाताने वाट्यांची अदलाबदल करायची आणि एकेक नाकाशी धरायची.

"हे काय चाललंय?" आई म्हणाल्या.

बाबा चोरी पकडली गेल्यासारखे दचकले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. त्यात वास गेला. अजिबात गेला. तीन महिने त्यांना ना पेट्रोल कळत होतं, ना साबण. ते अंदाजाने जेट बदलत राहिले आणि कुणाला बोलले नाहीत. हुंगेमास्तरांचं नाक गेलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे वास परत आला, पण सगळा आला की अर्धामुर्धा, हे त्यांना आजतागायत उमगलं नव्हतं. दर वेळी हुंगून झालं की कुणाचं लक्ष नसताना ते पुन्हा एकदा हुंगायचे. म्हणूनच तर बाईंचं खोकं त्यांनी ठेवून घेतलं. पुढे सगळं स्क्रीनच सांगणार असेल, तर नाकाची गरज संपली.

"आणि आता नाक म्हणतंय पेट्रोल जास्त, डबा म्हणतोय कमी," बाबा म्हणाले. "मला कळेनासं झालंय. मीच बिघडलोय की गाडी?"

आईंनी पदर खोचला. "पाठ करा माझ्याकडे." मग त्यांनी लाँड्रीतून सटरफटर जे सापडेल ते आणून एकेक त्यांच्या नाकाशी धरलं. निळीची पूड, गरम इस्त्रीखालचा सुती कपडा, लोकरी कपडा, कुणाच्या तरी कोटाच्या खिशातलं विझलेलं सिगारेटचं थोटूक. बाबांनी एकूण एक ओळखलं. थोटकाला तर "बेकरीवाल्याचा कोट" असंही म्हणाले, आणि कोट बेकरीवाल्याचाच निघाला.

"नाक शाबूत आहे," आईंनी निकाल दिला.

"मग डबा खोटा?"

"ते मला काय माहीत? पण माझ्याकडे गिऱ्हाईक भांडायला येतं ना, की मी शर्ट पांढरा दिला होता, आणि मी बघते तर पिवळा, तेव्हा आम्ही दोघं खरंच बोलत असतो. मधल्या वेळात कपडे आणून देणाऱ्या पोराने डाग पाडलेला असतो. तुम्ही आपलं मधे काय झालंय ते बघा."

तरीही बाबांचा गोंधळ फिटला नाही. ते म्हणाले, माणसाचं ठीक आहे, पण इथे मधे आहेच काय? मग त्यांनी आधी चारही प्लग काढले. काजळी धरलेले, काळेकुट्ट. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्तच जळत होतं, नाक खरं होतं. नाक खरं आणि सेन्सरही खरा, तर मधे उरला फक्त पाइप. हात दीड हात लांबीचा. आणि त्या पाइपावर एकच नवी गोष्ट होती.

मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती, कारण बायकोने फोनवर "बाबांकडे जाऊन ये" एवढंच सांगितलं होतं आणि तिचा आवाज बरा वाटला नव्हता. मी पोचलो तेव्हा बाबांनी सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबून त्यातून हवेची नळी घातली होती. आईंनी बादलीभर साबणाचा फेस करून दिला होता. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं बाबा ब्रशने पाइपाला फेस लावत पुढे सरकत होते. सेन्सरच्या बुच्चीपाशी आले आणि थांबले.

एक बारीक बुडबुडा. फुगला, फुटला. पुन्हा फुगला.

वेल्डिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. जुना गंजका पाइप, पातळ झालेला. थंड असताना छिद्र नावापुरतं, तापला की ते मोठं उघडायचं. तिथून बाहेरची ताजी हवा आत ओढली जायची, नेमकी सेन्सरच्या तोंडावर. त्याला वाटायचं, एवढी हवा उरलीय म्हणजे पेट्रोल कमी पडलं. तो बिचारा आपल्यापुढे आलं तेच सांगत होता.

बाबा गाडीखालीच पडून राहिले. बराच वेळ बाहेर येईनात. मी वाकून म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. मीटरवर विश्वास ठेवा म्हणालो."

"तुमचं नाही जावईबापू, माझं चुकलं. त्या पोरीने फोनवर विचारलं होतं, मीच ताठ्याने बोललो," ते खालून म्हणाले. "दोन वर्षं मी नाकाची चौकशी करतोय. हाताची एकदाही केली नाही."

त्यांनी पाइपाचा तो तुकडाच कापून नवा घातला, बुच्ची पुन्हा वेल्ड केली, आणि या वेळी वेल्डिंग गार झाल्याबरोबर फेस लावून बघितला. मग आधीच्या चुकीच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर जे शिकला होता ते सगळं पुसून टाकलं आणि इंजिन तापू दिलं. आकडा साडेचौदा, चौदा, पुन्हा साडेचौदा. धूर नाही. फोनवरच्या मुलीला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "पोरी, तू बरोबर होतीस. छिद्र होतं." ती एवढी गडबडली की तिनेच दोनदा माफी मागितली.

पुढच्या शनिवारी बाई गाडी घेऊन डोंगरावर निघाल्या, शेजारी बाबा, मागे मी. डिकीत हत्यारांची पेटी. जंगल नाका आला, ते वळण आलं. बाबांनी एका हाताने दाराची मूठ घट्ट धरली. गाडीने वळण घेतलं आणि ती चढत राहिली. बाई गाणं गुणगुणायला लागल्या. वर पोचलो तेव्हा कान बंद झाले होते, गाडी मात्र गल्लीत उभी असल्यासारखी गुरगुरत होती.

बाईंची बहीण फाटकात उभी होती. बाई उतरून तिच्या गळ्यात पडल्या. बाबांनी सवयीने बोनेट उघडलं, दोन्ही हात टेकून आत बघत उभे राहिले. हात घालायला काही नव्हतं.

"मास्तर, काही बिघडलंय का?" बहिणीने काळजीने विचारलं.

"नाही हो," बाबा म्हणाले. "तेच बघतोय."

त्यांचा चेहरा आनंदी होता की हिरमुसलेला, मला सांगता येणार नाही. परत निघताना बाईंनी चावी त्यांच्या हातात दिली आणि घाट त्यांनीच उतरवला.  खाली आल्यावर म्हणाले, "गाडी छान चालते. पण का छान चालते, ते मला कुठे हाताने दाखवता येत नाही. असं कधी झालं नव्हतं."

त्यानंतर त्यांनी अशा आणखी दोन गाड्या केल्या आहेत. तिसऱ्या गिऱ्हाइकाला मात्र त्यांनी परत पाठवलं. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याचा कार्बोरेटर चांगला होता हो." पुढच्या आठवड्यात तो माणूस पुन्हा खोकं घेऊन आला, आणि बाबांनी ते ठेवून घेतलं.