परात मधोमध

माझी सून अमरावतीच्या एका कॉलेजात नेटवर्क शिकवते. ती घरात आल्यावर कितीतरी दिवस मला हे कळलं नव्हतं की ती नेमकं करते काय. विचारलं की म्हणायची, "आई, एका संगणकाचं बोलणं दुसऱ्या संगणकापर्यंत नेऊन पोचवायचं." मी म्हणायची, "मग पोचव ना. त्याले कॉलेज कायले पाहिजे?" माझी शाळा चौथीपर्यंतची. एखादी गोष्ट कळली नाही तर मला लाज वाटत नाही. सांगणाऱ्याला मी पुन्हा सांगायला लावते.

मला पहिल्यांदा थोडंफार कळलं ते केर काढताना. रविवारी कॉलेजची लॅब बंद असते, म्हणून तिची पोरंपोरी आमच्या व्हरांड्यात येऊन बसायची. निळी केबल सोलायची, आतल्या आठ बारीक रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या, टोकाला प्लग घालून चिमट्याने दाबायचा. संध्याकाळी माझ्या केरसुणीत त्या तारांचे तुकडे. एकदा एक तुकडा डाळीत निघाला. क्रम चुकलेला प्लग सून सरळ कापून टाकायची आणि म्हणायची, "पुन्हा लाव." ओरडायची नाही आणि गोंजारायचीही नाही. तिथे ती मला आवडली. स्वयंपाकात तिचं वरण अजून पातळच असतं, पण शिकवायला बसली की पक्की.

एकदा तिने पोरांना एका ऑफिसचा नकाशा दिला आणि विचारलं, सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो स्विच कुठे ठेवाल? सगळ्यांनी तो कूलरच्या तोंडासमोर ठेवला. आमच्याकडे एप्रिलमध्ये घरातली सगळ्यात चांगली जागा तीच. पाहुणा आला की त्याला तिथे बसवतात.

"गरम होते ना मॅडम ते," एक पोरगा म्हणाला.

"आन् ओलं झालं म्हंजे?" सून म्हणाली. "तो काय जावई आहे काय, कूलरसमोर बसवाले?"

पोरं खदखदून हसली. मीही हसले, पण आतल्या खोलीत.

ह्या पोरांत मोर्शीकडची एक पोरगी होती. घरची भाजीची शेती, फुलकोबी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. हात चांगले. प्लग असा बसवायची की सून तो दुसऱ्यांना दाखवायची. पण ती ह्या एकाच विषयाच्या प्रॅक्टिकलला नापास झालेली होती. बाहेरून आलेल्या सरांनी काही विचारलं की तिची वाचाच बसायची. उत्तर येत असो नाहीतर नसो, ओठ शिवल्यासारखी उभी. बाकी सगळे विषय सुटलेले. बापाने सांगून ठेवलं होतं, ह्या वेळी जमलं तर नोकरी पाहा, नाहीतर घरी ये, कोबी तोडायला माणूस भेटत नाही. बाप वाईट नव्हता. खरंच माणूस भेटत नाही.

सुनेने तिला माझ्यासमोर आणून बसवलं. "आईले समजावून सांग. आईले समजलं तं परीक्षेतल्या सराची काय बिशाद."

मी म्हटलं, "मले काय समजावते? मी तं वरण फोडणीले टाकून राहिली." पण बसले.

तिला चार खोल्यांच्या ऑफिसचं नेटवर्क मांडायचं होतं. कागदावर दाखवलं ते मला कळेना. मग तिने स्वतःच विचारलं, "आजी, वाट्या घेऊ?" वाट्या घेतल्या, सुतळीचा गुंडा घेतला. एकेक वाटी म्हणजे एकेक खोली. पहिल्या वाटीपासून दुसरीला सुतळी, दुसरीपासून तिसरीला, तिसरीपासून चौथीला. सरळ, देखणी रांग. मला तर छान दिसली. सुतळीही कमी लागली.

सून स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं आणि दुसरी वाटी उचलून बाजूला ठेवली. "ही बंद पडली. आता मागच्या दोघींचं काय?"

पोरगी गप्प.

"तू ठिबकाची नळी टाकली, बाई. एका झाडापासून दुसऱ्या झाडाले."

पोरीने मान खाली घातली. तोंड वाकडं झालं, डोळे भरले. आणि सून तिथून उठून आत गेली. मला तेव्हा तिचा राग आला. नंतर कळलं, मुद्दाम गेली होती.

रडणारं माणूस समोर असलं की मला काय करावं सुचत नाही. मी म्हटलं, "रडून घे. मले काही घाई नाही." ती रडली. मी लसूण सोलला. मग विचारलं, "तुमच्या वावरात शेवटच्या झाडाले पानी नाही भेटलं तं तुहा बाप काय करते?"

"नळी पाहत जाते आजी. शेवटच्या झाडापासून उलटा. कुठी कचरा अडकला ते."

"गप बसून पाहते?"

ती नाकातून हसली. "नाही. आईले आवाज देते, मोटर बंद कर म्हनते, पुन्हा चालू कर म्हनते. ह्या टोकाले आलं, त्या टोकाले नाही, असं सारं वरडून सांगते. अख्ख्या शिवाराले ऐकू जाते."

"मग तू कोनाची पोरगी आहे?"

तिने डोळे पुसले आणि वाट्यांची सुतळी सोडवली. मग म्हणाली, "आजी, परात देता?" तिने स्विच म्हणून परात मधोमध ठेवली आणि परातीपासून प्रत्येक वाटीला वेगळी सुतळी नेली. सुतळी दुप्पट लागली. मग स्वतःच एक वाटी उचलून म्हणाली, "ही गेली तरी बाकीच्या चालू."

"आन् परातच गेली तं?" मी विचारलं. मला काही कळत होतं म्हणून नाही. परात मला पोळ्यांना हवी होती.

"तं सारंच बंद. म्हनून दुसरी परात तयार ठेवा लागते."

"दुसरी परात माझ्याजवळ नाही."

त्यानंतर ती दर रविवारी यायची. मी दर वाक्यावर "काहून?", म्हणजे का, असं विचारायची आणि तिने गप्प बसायचं नाही, एवढाच नियम. येत नसेल तर "येत नाही, पन असं असं पाहीन" म्हणायचं. पोळ्या व्हायच्या आधी परात धुऊन परत.

नापास पोरांचं प्रॅक्टिकल त्या खेपेला अकोल्याच्या एका कॉलेजात होतं. सून म्हणाली, "आई, तुमी बी चला. तिले धीर येईन."

"मी काय देवी आहो?" मी म्हटलं. पण अकोल्याला माझी बहीण आहे, तिच्याकडे जायचं होतंच. बसमध्ये पोरगी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. मूर्तिजापूरला मी तिला संत्रं सोलून दिलं. तिने ते हातातच धरून ठेवलं. शेवटी मीच खाल्लं.

बहिणीकडे मी आधी गेले नाही. कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली सुनेशेजारी बसून राहिले. ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजावा. सून फोन उघडायची, बंद करायची. नोकरीला लागताना ती एवढी घाबरली नव्हती. मी तिला म्हटलं, "पोरगी तुही आहे काय?" ती म्हणाली, "माझ्या हातची आहे ना आई."

पोरगी बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर केस चिकटले होते.

"झालं?"

"पुरं नाही झालं, मॅडम."

सुनेचा चेहरा उतरला. "गप उभी राहिली?"

"नाही." मग ती भराभर सांगू लागली. सरांनी मांडलेलं नेटवर्क मुद्दाम बिघडवून ठेवलं होतं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. तिची वाचा बसली. "मंग मले बाबाचा आवाज आठवला. शेवटच्या संगणकापासून उलटी निघाली, आन् मोठ्यानं बोलत गेली. इथं येऊन राहिलं, तिथं नाही. एक केबल निसटली होती, ते लावली. तरी एक संगणक बोलेना. मी म्हटलं, सर, अजून एक दोष आहे, दोन संगणकाईले एकच पत्ता देल्ला असन, ते पाहाचं राहिलं. तेवढ्यात वेळ संपला."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, हळू बोल, शेजारच्या लॅबमध्ये परीक्षा चालू आहे."

सून हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मी उठले. "चला, बहिणीकडे. तिनं वांग्याची भाजी करून ठेवली असन."

निकाल लागला तेव्हा मी अंथरुणं उन्हात टाकत होते. पोरगी पास झाली. मार्क फार नव्हते. सुनेने ते दोनदा पाहिले आणि कुकर लावायला गेली. त्या दिवशीचं वरण घट्ट होतं, लक्ष नसल्यामुळे.

आता ती पोरगी अमरावतीतच एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळते. मागच्या रविवारी फुलकोबीचं पोतं घेऊन आली. बापाने पाठवलं होतं. निम्म्या कोबीत अळ्या होत्या, तसं मी सांगितलं. तिच्यामागे दोन नव्या पोरी उभ्या होत्या, यंदाच्या, नापास झालेल्या. एक जमिनीकडे पाहत होती, दुसरी भिंतीकडे.

"आजी, मॅडमनं सांगितलं, आधी तुमच्यापाशी बसवा."

"चपला बाहेर काढा," मी म्हटलं. "आन् पोळ्या व्हाच्या आत परात परत पाहिजे."