जीपमागचा कॅन

पेठच्या अलीकडे डोंगरात आमचा कॅम्प होता. मी हवालदार, कॅम्पच्या गाड्या माझ्या ताब्यात. पेट्रोलची टंचाई चालू होती, कोटा अर्ध्यावर आला होता. तरी इन्स्पेक्शनला प्रत्येक जीपमागचा वीस लिटरचा कॅन भरलेला लागे. साहेब कॅन उचलून बघत, झाकण उघडत नसत. म्हणून आम्ही त्यात पाणी भरायचो आणि साहेब गेले की ते ओतून मिळेल तसं पेट्रोल भरायचो. लान्स नायक साळवेला ही चलाखी मीच शिकवली. निफाडकडचा गडी, कामाला वाघ. मला उस्ताद म्हणायचा.

इन्स्पेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला चढावर उभा केलेला ट्रक मागे सरकला आणि साळवे ट्रक आणि कातळाच्या मध्ये सापडला. बाहेर रक्त नव्हतं. पोट मात्र फळीसारखं कडक झालं होतं. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "पाण्याचा थेंब देऊ नका. नाशिक गाठा."

साळवेचीच जीप घेऊन मी नऊ पन्नासला निघालो. पेट्रोलची सुई शून्याच्या जेमतेम वर होती. वायरलेसवर विचारणा झाली.

"फ्युएल किती? ओव्हर."

"थोडं आहे. मागे एक कॅन फुल. ओव्हर."

मागून स्ट्रेचरवरून साळवे पुटपुटला, "उस्ताद, पाणी हाय."

"पाणी मिळणार नाही. पोटाला लागलंय."

"पाणी हाय..."

"गप पड, साळवे. ऑर्डर आहे."

घाटाच्या चढावर सुई शून्याला टेकली. पुढच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तेवढीच बचत. पंचवटी आठ मैलांवर राहिली तेव्हा माझा धीर सुटला. टाकीत थोडं पेट्रोल होतं, कदाचित पुरलंही असतं. मी थांबलो, कॅन काढला आणि घाईघाईत अर्धा टाकीत ओतला. साळवे हात हलवत होता. मी लक्ष दिलं नाही.

दोनशे यार्डांवर गाडी आचके देत बंद पडली. मी कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. साहेब कालच गेले, त्यात पेट्रोल भरून झालं असणार, असं मी धरून चाललो होतो. साळवे पाणी मागत नव्हता, सांगत होता.

"ओतायचं राहिलं, उस्ताद," तो म्हणाला. "माझं चुकलं."

चूक माझी होती. तेवढे दोन शब्द मला त्याच्याशी बोलता आले नाहीत, याची लाज आजही वाटते.

पाऊण तासाने पंचवटीच्या बाजारात चाललेला भाजीचा टेम्पो मिळाला. गोदावरीचा पूल यायच्या आत साळवे गेला.

इन्क्वायरीत ठपका ट्रकच्या हँडब्रेकवर आला. कॅनचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रिटायर झाल्यापासून दरवर्षी निफाडला त्याच्या घरी जातो. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी युनिफॉर्ममधला साळवे आहे. मी टेकलो की त्याची आई तांब्या पुढे करते.

"उन्हाचे आलात उस्ताद, पाणी घ्या."

कॅनचं तिला अजून सांगितलेलं नाही. मी तांब्या घेतो, आणि तिच्यासमोर सगळं पाणी पितो.