डिकीतला डबा आणि मामाचा गिलावा

"घरात बापाला ऐकू येत नाही आणि हा गाडीत बेसचा डबा बसवतोय! काही लाजबीज?" असं मी माझ्या मोठ्या भावाला भर जेवणात सुनावलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला आमचं दोन खोल्यांचं घर, आणि दारात दादाने हौसेने घेतलेली जुनी, डिकीवाली गाडी. तिच्यात त्याला सबवूफर हवा होता. दादाने शांतपणे आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "बाबांसाठीच बसवतोय." माझं डोकं आणखीनच फिरलं. मला वाटलं, थट्टा करतोय मेला.

बाबा कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्या धडधडाटात कान हळूहळू गेले आणि निवृत्त होईपर्यंत काहीच उरलं नाही. कानाचं यंत्रही आणून पाहिलं, तर नुसती खरखर. त्याआधी हा माणूस चामटोलीच्या भजनात पखवाज वाजवायचा. चामटोली म्हणजे बदलापूरजवळचं आईचं माहेर. जावई पखवाज घेऊन आला की गाव गोळा व्हायचं. कान गेल्यावर सुरुवातीला कोणी काही बोललं की बाबा आईकडे वळून विचारायचे, "काय म्हणाले?" दिवसभर तेच. आई वैतागायची. मग कधीतरी त्यांनी विचारणंच सोडून दिलं. पखवाज चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. पाहुणे आले तरी बाबा खिडकीकडे तोंड करून बसायचे. "विचारून विचारून जीव घ्या माझा, पण असं बसू नका हो," आई म्हणायची, तेही त्यांना ऐकू जायचं नाही. तेव्हा आमच्या घरात देवाकडे एकच मागणं होतं, बाबा माणसांत परत यावेत.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठचं गाडी सजवायचं दुकान होतं. सीट कव्हर, टेप, स्पीकर, काच काळी करायची फिल्म, सगळं तिथेच रस्त्यावर गाडी उभी करून. मी मुद्दाम दादाबरोबर गेले, भांडायची तयारी करूनच. शेठने डिकीतलं कार्पेट उचललं आणि कोपऱ्यातली दोन भोकं दाखवली. त्यांवर रबराच्या पातळ झडपा होत्या. "दीदी, इधर देखो. दरवाजा लावला की आतली हवा इथून बाहेर जाते. गाडीला पण साँस पाहिजे ना. डबा इथून लांब ठेवतो, नाहीतर झडपा फडफड करणार." मी म्हटलं, बरं. भांडायला काही जागाच ठेवली नाही त्या माणसाने. प्लायवूडचा डबा, त्यात परातीएवढा स्पीकर, वर काळं कार्पेट. चालू केल्यावर शेजारच्या चहावाल्याच्या बरण्या वाजल्या आणि तो शेठला सिंधीत काहीतरी म्हणाला. ते आशीर्वाद नव्हते एवढं मला कळलं.

घरी आल्यावर दादाने बाबांना मागच्या सीटवर बसवलं आणि भजनाची कॅसेट लावली. बाबा आमच्याकडे बघत राहिले, काय चाललंय ते कळेना त्यांना. मग पखवाजाची डावी बाजू घुमली आणि अख्खी सीट थरथरली. बाबांनी एकदम सीटवर हात टेकला. दुसराही टेकला. डोळे मिटले. मांडीवर बोटं चालायला लागली, आधी चाचपडत, मग ठेक्यात. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "कोण वाजवतोय हा? डावा हात ढिला आहे त्याचा."

अगं बाई! मी आणि आई फाटकापाशी उभ्या राहून हसलो काय, रडलो काय, आमचं आम्हाला कळेना. दादाला मी तिथल्या तिथे म्हटलं, "जिंकलास बाबा तू!" त्यानंतर रोज संध्याकाळी बाबा चप्पल घालून गाडीपाशी जाऊन उभे राहायचे.

मग आमच्या मामाने घोळ घातला. म्हणजे प्रेमानेच घातला. दादा चामटोलीहून आमचे वर्षाचे तांदूळ गाडीतून आणणार होता. दोन दिवस गाडी मामाच्या अंगणात होती. पोती भरताना मामाला ती दोन भोकं दिसली. शेतकरी माणूस तो. धान्य ठेवायचं तिथे भोक दिसलं की हात शिवशिवणारच. कणगीला लिंपतात तसं त्याने शेण, माती, भाताचा तूस कालवून दोन्ही भोकं झडपांसकट लिंपून टाकली, वर कार्पेट नीट बसवलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं होतंच काय?

गाडी परत आली ती रुसूनच. दार लागेना. आपटावं तेव्हा लागायचं, आणि लागलं की कानात दडे बसायचे. आत चार माणसं बसली की काचा धुरकट. आणि बाबा? संध्याकाळी नेहमीसारखे येऊन बसले, दादाने दार आपटलं, तसे दोन्ही हात कानांवर दाबून ओरडले. उतरले ते थेट घरात. "नको मला तो डबा. कान फुटले माझे." आम्ही परोपरीने सांगितलं, खुणा केल्या, हात जोडले. बाबा पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले. आई त्या रात्री जेवली नाही. एवढं हाताशी आलेलं सुख असं निसटावं, मला इतका संताप आला की डबा उचलून नाल्यात टाकावासा वाटला.

शेवटी आईच अडून बसली, दुकानात चला, आणि ह्यांनाही न्या. दादा गाडी घेऊन पुढे गेला आणि बाबांना रिक्षात घालून आम्ही मागून कॅम्पात पोचलो. त्या दिवशी मामाही आमच्याकडे आला होता, तोही सोबत. शेठने गाडीचं दार एकदाच लावून पाहिलं आणि काही न विचारता सरळ डिकीकडे गेला. कार्पेट उचललं. आत वाळून टणक झालेला गिलावा. "अरे साईं! ये किस डॉक्टर ने प्लास्टर चढाया?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. "मना वाटला उंदीर शिरंल. तांदूळ व्हता ना," तो पुटपुटला. मी काहीतरी जहाल बोलणार होते, पण शेठच म्हणाला, "मामा, बात तो सही है. चूहा येतोच." आणि दोघं मिळून खरवडायला बसले, एक पान्याने, एक नखांनी. भोकं मोकळी झाली, नव्या झडपा बसल्या, आणि उंदरांसाठी शेठने बाहेरून बारीक जाळी ठोकली. मामा खूश.

पण बाबा गाडीत बसायला तयार होईनात. लांब उभे, मान फिरवून. मग शेठने काय करावं? बाबांचा हात धरून त्यांना डिकीपाशी आणलं, त्यांचा तळवा भोकासमोर धरला, आणि दादाला खूण केली. दादाने दार लावलं. बाबा दचकले. तळव्याकडे बघितलं. "परत," म्हणाले. दादाने परत लावलं. हवेची फुंकर तळव्यावर येत होती. आयुष्य प्रेसवर काढलेला माणूस तो, काय झालं होतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मामाकडे पाहिलं, त्याच्या शेणाने भरलेल्या नखांकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी खो खो हसले.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, "थोडी कणीक भिजव." आई म्हणाली, आत्ता कुठे पोळ्या? आणि मग ती तशीच थांबली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. दादा तोवर माळ्यावर चढला होता.

चामटोलीत मामाच्या अंगणात गाडी उभी केली. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर पखवाज, दोन्ही दारं सताड उघडी. कॅसेट सुरू झाली आणि बाबांनी तिच्यात हात मिसळला. जुनी भजनी मंडळी एकेक करत जमली, कोणी घरून टाळ घेऊन आलं. दादाने कॅसेट हळूहळू बारीक करत बंद केली. बाबा थांबले नाहीत. समोरच्यांच्या हातातले टाळ बघत ते वाजवत राहिले, आणि मंडळी त्यांच्या ठेक्यावर गायला लागली.

त्या शेठचे, माझ्या दादाचे, आणि हो, त्या शेणमाती कालवणाऱ्या मामाचेही उपकार मी कशाने फेडू? भजन संपलं. एक म्हातारबुवा बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले आणि सगळे हसले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्यांकडे पाहिलं. आणि आईकडे वळून विचारलं,

"काय म्हणाले?"